सगळ्यांत शेवटी उतरणारी मुलगी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी स्कूलबस आहे. अमेरिकेत ओहायोतल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या मिठाने माझा पत्रा खाल्ला आहे. कारखान्यातून नवी कोरी आले, तेव्हा लोक वळून बघायचे. आता माझी ड्रायव्हर मिस वर्नेट सोडली, तर माझं कौतुक करणारं कुणी उरलेलं नाही.

मिस वर्नेटने आमचा रस्ता फार विचाराने आखला होता. सकाळी सगळ्यांत आधी आम्ही हमरस्त्यावरच्या मोटेलपाशी, म्हणजे प्रवाशांच्या स्वस्त लॉजपाशी जायचो. सहावीतली डेलिया तिथे एका खोलीत आई आणि धाकट्या भावाबरोबर राहायची. भाड्याचं घर सुटल्यापासून त्यांचं बिऱ्हाड तिथेच होतं. घर गेलं तरी मुलांना जुन्याच शाळेत शिकता येतं आणि शाळेने त्यांना न्यायला गाडी पाठवायची, असा आमच्याकडे कायदा आहे. पण हक्क असला तरी लाज वाटतेच. म्हणून डेलिया सगळ्यांत आधी चढायची आणि सगळ्यांत शेवटी उतरायची. ती कुठे राहते, हे एकाही मुलाला कळलं नव्हतं. रिकाम्या गाडीत ती मोठ्याने धडे वाचायची. मला ते फार आवडायचं.

जानेवारीत मिस वर्नेट आजारी पडली आणि तिच्या जागी बदली ड्रायव्हर म्हणून मिस्टर हॉलिस आले. माणूस सज्जन. डेलियाला शेवटी का उतरवायचं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मोटेल तर वाटेतच आहे, पोर उगाच फिरते, असं वाटून त्यांनी शाळा सुटल्यावर भरली गाडी तिथे उभी केली.

"चल बाळ, उतर. आज लवकर घरी जा."

"नको. मी शेवटी उतरते," डेलिया पुटपुटली.

"अगं, लाजतेस काय! बाहेर बर्फ पडतोय, आई वाट बघत असेल."

ती उतरली. सगळी मुलं खिडक्यांना चिकटली.

"ए डेलिया, तू हॉटेलात राहतेस? पोहायचा तलाव आहे का गं?" ब्रॅडीने विचारलं. बिचाऱ्याने चिडवायला नव्हे, खरंच विचारलं होतं. पण तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. विजेची शेगडी, कपड्यांनी भरलेल्या काळ्या पिशव्या आणि तिघांत एक पलंग, सगळं सगळ्यांना दिसलं.

"अरे, कसलं हॉटेल! हेच हिचं घर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मला इतका राग आला! पण मी काय करणार? माझं दारसुद्धा ड्रायव्हरच्या हातात असतं.

दुसऱ्या दिवशी डेलिया आली नाही. नंतरही नाही. मिस वर्नेट बरी होऊन आली, तेव्हा तिने स्वतः जाऊन दार वाजवलं.

"डेलियाला पाठवा हो. शाळा तिचीच आहे, कायदाच आहे तसा."

"कायदा ठाऊक आहे मला, बाई." डेलियाची आई दारात घरातल्या चपला घालूनच उभी होती. "तुमचा कायदा तिला शाळेपर्यंत नेतो. वर्गात तिच्याशेजारी बसायला येतो का? पोर पांघरुणातून तोंड बाहेर काढत नाही."

महिनाअखेरीस ती खोली रिकामी झाली. डेलिया दुसऱ्या कुठल्या शाळेत गेली की तिची शाळाच सुटली, मला माहीत नाही. आम्ही आता तिथे थांबत नाही.

मित्रांनो, एवढंच मागते. कुणी कुठेही उतरलं, तरी खिडकीकडे धावू नका. 'उद्या माझ्याशेजारी बस' एवढं फक्त म्हणा. त्या दिवशी माझ्यात गाडीभर मुलं होती. एकानेही म्हटलं नाही.