माझा आवाज बसलेला नाही

मी अँप, म्हणजे अँप्लिफायर, बोलतोय. बेंजोची वायर ज्याच्या अंगात खुपसतात, जो मागून तापतो आणि पुढून ओरडतो, तो काळा डबा. आजवर माझ्यातून दुसऱ्यांचेच आवाज बाहेर आले. स्वतःचं म्हणून काही सांगायची ही पहिलीच वेळ, आणि तीही नाइलाजाने. परवा माझा फोटो काढून मोबाईलवर जाहिरात टाकली गेली: 'बेंजोचा अँप विकणे आहे. जुना. आवाज बसलाय.'

जुना आहे, कबूल. रेक्झिन फाटलंय, खालचं एक चाक कधीच निखळून पडलंय, तेही कबूल. पण आवाज बसलाय? हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

माझा जन्म मंगळवार पेठेतला, आण्णांच्या दुकानातला. आण्णा रेडिओ आणि अँप दुरुस्त करायचे. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की आण्णांना पाय स्टुलावर घ्यावे लागत. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी मला स्वतःच्या हाताने जोडलं. खोक्यात मोठा स्पीकर बसवला आणि वर कपाळावर बारीक आवाजासाठी एक छोटा. शेवटी त्यांनी सुनेची लाल नेलपॉलिश मागवली आणि ट्रेबलच्या, म्हणजे बारीक आवाज वाढवायच्या, बटणाशेजारी एक ठिपका दिला.

"धैर्या, काटा ह्या ठिपक्यावर ठेवायचा," ते म्हणाले. "पुढं न्हेलास तर गाणं संपलं. नुसतं दात शिवशिवत्यात मग."

"तुमी सांगिटल्यावर विषय कट, आण्णा," धैर्यशील म्हणाले.

धैर्यशील माझे मालक. तेव्हा बावीस वर्षांचे होते. पेठेतल्या बेंजो ग्रुपमध्ये बेंजो तेच वाजवायचे. डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर अशी पळायची की माझी दमछाक व्हायची. वरात असो, गणपती असो, जोतिबाची यात्रा असो, ट्रॉलीवर ते आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून मी. लोक खालून ओरडायचे, "नाद खुळा!" तेव्हा त्यातला अर्धा नाद माझा आहे असं मी मनातल्या मनात धरून चालायचो.

त्यांच्या स्वतःच्या वरातीत तर कहर झाला. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणीतरी बेंजो धरला आणि पहिल्याच गाण्यात चुकला. नवरदेव फेटा सांभाळत गाडीतून उतरले आणि थेट ट्रॉलीवर चढले. स्वप्नाली, म्हणजे त्यांची नवी नवरी, चौकापासून घरापर्यंत फुलांच्या गाडीत एकटीच बसून आली. ती बारा महिने त्यावरून टोमणे मारायची आणि टोमणे मारता मारता हसायची. काटा तेव्हा ठिपक्यावरच होता.

पुढे मिरवणुकांचं रूप पालटलं. ट्रॉलीवर डब्यांवर डबे चढले. खाली छाती हादरवणारे बेस आणि वर किंचाळणारे डबे, ज्यांना साऊंडवाले टॉप म्हणतात. बेंजोवाल्याची जागा नेमकी त्या टॉपच्या तोंडाशी. आपण काय वाजवतोय हे मालकांना ऐकू येईना, म्हणून ते मला वाढवायचे. मला वाढवलं की साऊंडवाला टॉप वाढवायचा. चौकात समोरून दुसऱ्या मंडळाची ट्रॉली आली की तेही वाढवायचे. यात कमी करण्याचं काम कुणाकडेच नव्हतं.

घरी आल्यावर मालक अभिमानाने सांगायचे, "आज समद्यांच्या कानठळ्या बसीवल्या!" माणसांची ही एक गंमत मला कधी कळली नाही. दुसऱ्याच्या कानठळ्या बसवणारा स्वतःचे कान घरी ठेवून जातो, असं त्यांना वाटतं की काय? दुसऱ्या दिवशी मालक करंगळी कानात घालून हलवायचे. "शिट्टी वाजतीया कानात," म्हणायचे. दोन दिवसांनी शिट्टी थांबायची आणि विषयही.

मग एका वर्षी त्यांनी माझा काटा ठिपक्याच्या बोटभर पुढे नेला.

"धार न्हाय ऱ्हायली ह्येला," ते म्हणाले. "आवाज बसलाय."

मी बुचकळ्यात पडलो. मी तर होतो तसाच होतो. पण मालक म्हणतात म्हटल्यावर मलाच शंका आली. उन्हापावसात फिरलेला देह, आतलं काही सैल झालं असेल. पुढच्या वर्षी काटा आणखी पुढे गेला. घरात सराव सुरू झाला की स्वप्नाली स्वयंपाकघरातून यायची. "अहो, कमी करा की! त्यापरास कुकरची शिट्टी बरी."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मालक म्हणायचे.

त्यांची मुलगी अवंतिका तोवर बेंजो शिकायला लागली होती. ती एकटी सरावाला बसली की हळूच काटा ठिपक्यावर आणायची. तेवढा अर्धा तास मला माझ्यासारखं वाटायचं. मग मालक यायचे, "कोन हात लावतंय ह्येला?" म्हणून खेकसायचे आणि काटा पार टोकाला न्यायचे.

नंतर नव्या अँपचा शोध सुरू झाला. मालक आणि त्यांचा दोस्त धवल, जो ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवतो, दोघं मोबाईलवर तासन्‌तास अँपांची तुलना बघत बसायचे. एके दिवशी तर तुलनेसाठी मलाच रिक्षात घालून दुकानात नेलं. चकचकीत नव्या अँपांच्या रांगेत मला, फाटक्याला, उभं केलं. मुलगी बघायला आलेल्यांनी घरच्या थोरलीला शेजारी बसवावं, तसं वाटलं मला.

मालकांनी तीच एक धून सगळ्यांवर वाजवली. "पावणं, जरा वाढवा," ते दुकानदाराला म्हणाले. त्याने वाढवलं. "अजून जरा." दुकानदार वाढवून दारापर्यंत मागे सरकला.

"भारी हाय की लगा ह्यो," धवल कानावर हात धरून म्हणाला.

"न्हाय. ह्योबी बसल्यालाच हाय. आणि त्योबी."

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आनंद झाला. एवढे महागडे, परदेशी नावांचे, आणि त्यांचाही आवाज बसलेला! मी उड्या मारत घरी आलो. चार चार नवेकोरे अँप एकदम बसलेले कसे असतील, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या नाही, मालकांच्या नाही, धवलच्याही नाही.

त्यानंतर मालकांनी घरातच रेकॉर्डिंग करायचं मनावर घेतलं. माळ्याखालच्या खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. माईक आला, कॉम्प्युटरला जोडायचं कार्ड आलं, हेडफोन आले, दोन छोटे स्पीकर आले. पहिलं काम मिळालं ते जोतिबावरच्या गाण्याचं. गाण्याचे हौशी निर्माते अमरसिंह यांनी ते गाडीत लावलं आणि तिथूनच फोन केला.

"धैर्यशीलराव, वाजवलंय झ्याक. पर ऐकताना सुई टोचल्यागत हुतंय ओ कानात. जरा मऊ करा की."

मालकांनी माईक बदलला. मग कार्ड बदललं. मग स्पीकर बदलले. प्रत्येक नव्या वस्तूचं खोकं उघडताना त्यांचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा, आणि तासाभराने तेच वाक्य यायचं: "ह्योबी बसलाय." रिकामी खोकी स्वप्नाली कपाटावर रचून ठेवायची. अमरसिंहांचा फोन पुन्हा आला नाही.

शेवटी, या वर्षीच्या गणपतीला दोन आठवडे राहिले असताना, मालकांनी आण्णांना बोलावलं. आण्णा आता चौऱ्याहत्तरचे. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती. दुपारी आले, चहा घेतला आणि मला पाठीकडून उघडलं. एकेक जोड बघितला, धूळ पुसली.

"ह्येला काय झाल्यालं न्हाय," आण्णा म्हणाले.

"आण्णा, बसलाय त्यो. मी रोज ऐकतोय."

"बरं, बघू या कुटं बसतोय ते." आण्णांनी पिशवीतून त्यांची तपासायची पेटी काढली. तिच्यातून एक शिट्टी निघते, जाड आवाजापासून हळूहळू बारीक होत जाते. ती त्यांनी माझ्यात लावली. "समद्यांनी हात वर करा. ऐकू यायचं थांबलं की खाली घ्यायचा. म्हंजे ह्यो कुटं तुटतोय ते कळंल."

परीक्षा माझी होती. मी जीव गोळा केला. मालक माझ्यासमोर मांडी घालून, माझ्याकडे तोंड करून बसले. मागे आण्णा आणि अवंतिका. तिघांचे हात वर. शिट्टी चढत गेली. मी काही हातचं राखलं नाही.

मालकांनी हात खाली घेतला.

"थांबला! बघा आण्णा, हितंच! म्हनत नव्हतो मी?" ते विजयाने मागे वळले.

आण्णांचा हात वर होता. अवंतिकाचाही वर होता. आणि मी वाजत होतो. अठरा वर्षांत इतका स्वच्छ मी कधी वाजलो नव्हतो.

थोड्या वेळाने आण्णांचा हात खाली आला, वयाप्रमाणे. अवंतिकाचा तसाच राहिला. शिट्टी संपली तरी तो खाली घ्यावा हे तिला सुचलंच नाही. मालक त्या हाताकडे बघत राहिले.

"परत लावा," ते म्हणाले.

आण्णांनी परत लावलं. तेच झालं. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा अवंतिकाने वडिलांच्या हाताकडे डोळे लावले आणि त्यांच्याबरोबरच आपलाही हात खाली घेतला.

"खोटं बोलू नगंस, बाळ," मालक म्हणाले.

मला त्या क्षणी माझ्याच अंगातली वायर उपसून टाकावीशी वाटली. इतकी वर्षं मी निर्दोष ठरायची वाट बघत होतो. ठरलो, आणि ते माणूस माझ्यासमोर जमिनीकडे बघत बसलं होतं.

डॉक्टरांनी मशीन लावून तेच सांगितलं: बारीक आवाज मालकांच्या कानांना आता ऐकू येत नाहीत. गेलेलं परत येत नाही. राहिलंय तेवढं टिकवायचं तर त्या डब्यांसमोर बसणं आजपासून बंद. मालकांनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी स्वप्नालीला आणि अवंतिकाला अंबाबाईची शपथ घातली, की हे बाहेर जाता कामा नये. कान गेलेल्या बेंजोवाल्याला सुपारी कोण देणार? सुपारी म्हणजे वाजवायचं बोलावणं. ते थांबलं की बेंजोवाला हा नुसता एक माणूस उरतो.

"अवो, डॉक्टर काय म्हणले ते विसरलासा काय?" स्वप्नाली रडत म्हणाली.

"एवढा गणपती हुंदे," ते म्हणाले.

तपासणीत काय निघालं ते धवल विचारायला आला, तेव्हा आण्णा तिथेच होते. मालक म्हणाले, "अँपचाच दोष हाय. इचार आण्णांना." आण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातचं शेवटचं उरलेलं काम मीच. बाकीचे सगळे भंगारात गेले.

"व्हय," आण्णा म्हणाले. "जुना झालाय. बसलाय आवाज."

म्हणून ती जाहिरात.

आज सकाळी चंदगडहून अंबादास म्हणून एक गृहस्थ आले, तिकडच्या भजनी मंडळाचे. त्यांनी मला सुरू केलं, माईकवर दोन ओळी म्हटल्या आणि चकित होऊन मालकांकडे वळले.

"आवाज खणखणीत हाय की ओ! बसलाय कुटं?"

मालक त्यांच्या ओठांकडे बघत होते. हल्ली ते सगळ्यांच्याच ओठांकडे बघतात.

"आमी व्हय?" ते हसून म्हणाले. "ट्रॉलीवर बसताव की. टॉपच्या म्होरंच."

'बसलाय कुटं' हे त्यांनी 'बसताय कुटं' असं ऐकलं होतं. अंबादास गोंधळून हसले. दारात उभी असलेली अवंतिका आत निघून गेली. थोड्या वेळाने ती नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि माझ्या पुसट झालेल्या ठिपक्यावर नवा ठिपका दिला. माझ्या जागी नवा अँप येऊन बसलाय. त्याचा काटा आतापासूनच टोकाला आहे.

मी आता टेम्पोत आहे, ताडपत्रीखाली. भजनी मंडळींनो, एवढंच मागणं आहे, त्या ठिपक्याच्या पुढे जाऊ नका. माझा आवाज बसलेला नाही, हे मी तुम्हाला सांगितलं ते तुमच्यापाशीच ठेवा. पेठेतलं कुणी भेटलं आणि विचारलं, की धैर्यशीलनं हा का विकला, तर सांगा, आवाज बसला होता. आण्णा तसंच म्हणाले. मीही तसंच म्हणेन.