बैल आत, बाई बाहेर

पोळ्याच्या सकाळी चंपतराव पाटील खुद्द मांगवाड्यात उतरले, तेव्हाच जयवंताबाईनं ओळखलं, यांचं घोडं कुठंतरी अडलंय. पाटलांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता. तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची, हा मान मात्र विकला नव्हता. ट्रॅक्टरवर झूल घालून भागत नाही, एवढी अक्कल शिल्लक होती.

"जयवंता, तुही जोडी दे घंटाभर. बैलाले काई जातबित नसते."

"मंग आमचे बैल आजवर सगळ्याइच्या मांगं काऊन उभे राह्यत होते, पाटील?"

पाटलांनी आभाळाकडं पाहिलं. पंधरा ऑगस्टला 'आपण सारे समान' हे त्यांनी तेलंगणाच्या मंडळ कचेरीतून आलेल्या साहेबासाठी अर्धं तेलुगूत आणि गावासाठी अर्धं मराठीत सांगितलं होतं. आज दोन्ही भाषा आटल्या.

"बैल नेजा," बाई म्हणाली. "पन कासरा माह्या हाती राहीन."

पाटलांनी नाइलाजानं मान हलवली.

संध्याकाळी तोरण तुटलं, डफडं कडाडलं. सगळ्यांत पुढं जयवंताबाई. नवरा गेल्यावर एकटीनं सांभाळलेली जोडी आज गावाच्या पुढं चालत होती. मानाच्या जोडीची पूजा पाटलांच्या अंगणात आधी व्हायची, मगच बाकीचे बैल घरोघर जायचे. पाटलीण प्रयागबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. फाटकापाशी पाटील कुजबुजले, "कासरा दे इकडं. बैल येऊ दे आत, तू बाहीर थांब."

"काऊन?"

"घरात देव हायेत ना!"

"मी बाहीर, तं बैलबी बाहीर." तिनं जोडी फाटकात आडवी लावली आणि उभी राहिली.

मागं गल्ली तुंबली. घरोघरी पुरणपोळ्या झालेल्या, पोटात कावळे ओरडत होते. मागच्या जोडीवाले लक्ष्मणराव खेकसले, "घ्या ना पाटील बाईले आत! आमी काय रातभर उभं राहावं?" लगेच चारी बाजूंनी तोच ओरडा. समतेचा एवढा कळवळा या गावाला कधी आला नव्हता.

पाटलांनी फाटक सताड उघडलं. जयवंताबाई बैलांसोबत आत गेली. प्रयागबाईंनी बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली आणि बोजाऱ्याची, म्हणजे बैलवाल्याच्या पोळ्याच्या ओवाळणीची, नोट बाईच्या हातावर ठेवली.

पाटील गर्दीकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "पाहून घ्या! आपल्या गावात भेदभाव नाही!"

"नाहीच ना," जयवंताबाई कासरा सावरत म्हणाली. "पुढल्या साली बैल घ्या पाटील. माह्या जोडीच्या मांगं लावा."