पारड्याखालचा अंगठा

मित्रांनो, खरे बोलण्याचा मला फार गर्व होता. गर्वाचे घर खाली असते, हे मला उतारवयात कळले. मी तराजू आहे, जुना, लोखंडी दांडीचा आणि पितळेच्या दोन पारड्यांचा. ज्याने मला घडवले तो कारागीर तीन दिवस माझी दांडी कानशीने घासत होता. काटा सरळ उभा राहिला, तेव्हाच तो समाधानाने जेवायला बसला.

लोकर विकणाऱ्या एका बाईंनी मला घेतले. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे दुकान होते. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आज सगळे त्यांना लोकरआजी म्हणतात. लोकर हलकी, म्हणून आमचे काम नाजूक. माझ्या पारड्यात एका वेळी शंभर ग्रॅमच मावत, त्यामुळे एका स्वेटरची लोकर चार-चार वेळा तोलावी लागे. "माझ्या तराजूचा काटा कधी चुकला नाही," असे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि ते ऐकून मी फुगून जाई. विश्वास इतका, की रिकामी पारडी सम आहेत का हे पाहणेही त्यांनी केव्हाच सोडून दिले. चूक म्हणाल तर ती आम्हा दोघांची.

पुढे त्यांच्या मुलाने इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, बऱ्याच खाली ठोकलेल्या एका खिळ्यावर झाली. संपले आपले, असे मला वाटले. पण तिथे मला नवी मालकीण मिळाली. ती आजींची पाच वर्षांची नात. घरभर अशी फिरे की सगळे तिला भिंगरीच म्हणत. ती माझ्या एका पारड्यात बाहुली ठेवी आणि दुसऱ्यात शंभर ग्रॅमचे वजन. बाहुली हलकी, ती आपली सारखी वर जाई. भिंगरीला हे मुळीच मान्य नव्हते. एका दुपारी तिने खेळण्यातल्या हिरव्या मातीचा गोळा बाहुलीच्या पारड्याखाली लावला, अंगठ्याने दाबून दाबून पक्का बसवला आणि काटा सरळ झाल्यावर टाळ्या पिटल्या.

"आजी, ये ना बघायला! माझी बाहुली जाडी झाली."

आजी पुढे गिऱ्हाइकात होत्या. "हो का? छान हं," त्या तिथूनच म्हणाल्या.

महिन्याभरात मुलाला फार दूरच्या देशात नोकरी लागली. बाहुली गेली, भिंगरीही गेली. घरात पसारा करणारे कोणी उरले नाही, तरी आजी आवरलेले घर पुन्हा पुन्हा आवरत राहिल्या. रविवारी मागच्या खोलीत बसून त्या फोनवर नातीला बघत. सुरुवातीला अर्धा तास गप्पा चालत, मग दहा मिनिटे, मग नुसतेच, "आजी, मी खेळायला जाऊ?" "जा हो," आजी म्हणत आणि काळी झालेली काच बराच वेळ हातात धरून बसत. मला त्यांची फार दया येई, पण लोखंडाला धीर कुठला देता येतो?

अशी दोन वर्षे गेली. यंदाच्या थंडीत तो इलेक्ट्रॉनिक काटा टेबलावरून पडला आणि त्याने कायमची मान टाकली. आजींनी मला पुन्हा पुढे आणले. पारडी वरून लख्ख पुसली, खालून पुसली नाहीत. डोळेही आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. लोकर नेमकी मातीच्या पारड्यात पडू लागली आणि जन्मभर खरे बोललेला मी दर शंभर ग्रॅममागे पंधरा ग्रॅम खोटे बोलू लागलो. मला ते कळत होते आणि लाजही वाटत होती.

एक दिवस शाळेच्या बाई अर्धवट स्वेटर घेऊन आल्या. त्याची एक बाही पुरी होती, दुसरी कोपरावरच थांबली होती.

"आजी, चारशे ग्रॅम नेली होती ना मी? विणलेलं सगळं तोलून पाहिलं, साठ ग्रॅम कमी भरतंय."

"नाही हो बाई, माझ्याकडून तसं होणार नाही."

"मी मुद्दाम नाही म्हणत. पण बाकीच्याही म्हणत होत्या, हल्ली तुमची लोकर पुरत नाही म्हणून."

आजींचे तोंड एवढेसे झाले. त्या रंगाची शेवटची लडी फळीवर होती, ती त्यांनी न तोलताच बाईंच्या हातात ठेवली. संध्याकाळी मुलाचा फोन आला. सगळे ऐकून तो म्हणाला, "आई, मी कधीचा सांगतोय, बंद कर आता हे. तुला नीट दिसत नाही." आजी नुसत्या "बरं" म्हणाल्या. मित्रांनो, दुकान बंद म्हणजे पुढचे दार बंद. त्या दारातून दिवसाकाठी चार माणसे येत, दोन शब्द बोलत. आजींना तेवढीच काय ती सोबत होती.

सकाळी त्यांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने मला उचलून उलटे केले.

"मावशी, हे खाली काय चिकटलंय? तराजू चांगला आहे तुमचा, याच्यामुळे झुकतोय. थांबा, खरवडून टाकतो."

"बघू," म्हणत आजींनी चष्मा लावला. हिरवी माती वाळून टणक झाली होती. तिच्यावर अंगठ्याचे तीन खळगे होते, बारीक रेषांसकट. आजींनी आपला अंगठा एका खळग्यावर ठेवला, पण तो अर्धाही मावला नाही.

"ही आमच्या भिंगरीची," असे म्हणून त्या उंबऱ्यातच बसल्या. "बघायला बोलावत होती मला. मी गेले नाही."

भंगारवाला पाते हातात धरून घुटमळला. "मग काढू ना?"

"हात लावू नका, दादा."

"अहो, मग हा खोटंच तोलणार."

"नाही तोलणार."

आजींनी डब्यातली जुनी बटणे काढली, फडक्याच्या पुरचुंडीत बांधली आणि दुसऱ्या पारड्याखाली लटकवली. दोन बटणे घाल, एक काढ, असे करता करता माझा काटा सरळ उभा राहिला. याला धडा करणे म्हणतात. भंगारवाल्याने दोनदा तपासून मान डोलावली आणि तो रिकाम्या हाताने गेला. ज्यांना लोकर कमी पडली होती, त्या सगळ्यांच्या घरी आजी त्याच दिवशी स्वतः जाऊन लड्या देऊन आल्या.

रविवारी त्यांनी मला फोनसमोर धरले. "ओळख बघू, कोणाचा उद्योग हा?"

भिंगरीने नीट निरखून पाहिले. "मला नाही आठवत, आजी."

"असू दे गं. लहान होतीस तू," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र पडला होता.

मित्रांनो, हल्ली आजी रोज सकाळी माझी रिकामी पारडी तपासतात आणि तपासताना खालून मातीवर हात फिरवतात. जुनी वस्तू खोटी वाटली, तर टाकण्याआधी तिला एकदा उलटी करून पाहा, एवढी माझी विनंती आहे. आणि तुमची वाट पाहणारे कोणी असेल, तर त्यांना भेटून या. माती सांभाळून माणसाचे भागत नाही. भिंगरी सात वर्षांची झाली आहे. आणखी थोडे दिवस गेले, की तिचाच अंगठा त्या खळग्यात बसणार नाही. आजींच्या हे ध्यानात आले असावे, कारण परवा मुलाचा फोन आला तेव्हा त्या पहिल्यांदाच "बरं" म्हणाल्या नाहीत.

"या सुट्टीत तिला घेऊन ये," त्या म्हणाल्या.

"बघतो, आई."

"बघू नकोस. आण."