गिरिजाच्या चेंडूंचे वळ

लीगच्या समितीच्या साहेबांनो, गिरिजाचा एकही चेंडू न बघता तुम्ही तिला कच्ची ठरवलंत. कागद बघून माणूस मोजणं हा निव्वळ आळस आहे. मला विचारलं असतंत तर?

मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह आहे. बेसबॉलमध्ये बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो तो कॅचर. मी त्याच्या हातातला. जाड कातड्यापासून मला शिवलं. बारा वर्षं एका शाळेच्या संघात राबलो. वाहवा कॅचरची, मार माझा! मग गॅरेजमध्ये पडून वाळलो, तडकलो. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या शैलजाताईंनी मला गॅरेज सेलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीतून उचललं, तेल चोळलं आणि रविवारच्या ऑफिस-लीगमध्ये उतरवलं.

त्यांच्याच बिल्डिंगमध्ये नागपूरची गिरिजा राहते. ती दुसऱ्या संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. पण हात क्रिकेटच्या बोलरचा! चेंडू उशिरा सुटायचा आणि बॅटरच्या पुढ्यात टप्पा पडायचा, जो बेसबॉलमध्ये चालत नाही. मागच्या सीझनला तिचं हसं झालं आणि शेवटी तिला बेंचवर बसवलं. एप्रिलपासून मात्र ती रोज संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये ताईंकडे फेकते. आधी सगळे फटके माझ्या खालच्या कडेला बसत, वर डांबराची खडी. ती कड पार सोलून निघाली. आता वळ मधोमध उठतात. काल वीस फेकले, सतरा थेट माझ्या पोटात.

म्हणून आमच्या संघाच्या कॅप्टन असलेल्या ताईंनी ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल मागितली : गिरिजा द्या, आमचा दिगंबर घ्या.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" दिगंबर उखडला. "मैदानापार मारलेले माझे अकरा होमरन, आणि बदल्यात ही टप्पेवाली?"

"तू आहेस तेवढाच राहणार रे. ती अजून वाढतेय."

"वा यार, माझी एक्सपायरी डेटच काढली!"

गिरिजा हसली नाही. "ताई, हे रिजेक्ट झालं तर मी खेळणं सोडते. अजून एक सीझन बेंचवर नाही बसणार."

समितीने मागच्या वर्षीचा तक्ता काढला आणि ट्रेड अडवला. शेरा मारला, 'असमान'. शेवटचा निर्णय शनिवारी.

मित्रांनो, चामडं वाळलं म्हणून लगेच फेकू नका, आधी तेल लावून बघा. आणि कुणी कच्चं वाटलं, तर काल कुठे होतं आणि आज कुठे आहे, दोन्ही बघा.

साहेबांनो, शनिवारी सकाळी ती फेकणार आहे, मी झेलणार आहे. तुमच्यापैकी कोण येऊन दहा मिनिटं उभं राहणार? नाव सांगा.