रेडिओचं वाचन

बाईंनी मुलीपुढचं पुस्तक मिटलं तरी मुलगी वाचतच राहिली.

सुटीची घंटा झाली, म्हणून सवयीनं मिटलं होतं. नदीचा धडा होता. मुलगी स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नचिन्हाला आवाज चढवत होती, सगळं थेट बाईंसारखं. वर्ग तिला रेडिओ म्हणायचा, तेही कौतुकानंच. धडा संपल्यावर तिनं समोर पाहिलं, तेव्हा कुठे तिला मिटलेलं पुस्तक दिसलं.

बाईंनी शेवटचा धडा उघडून तिच्यापुढे सरकवला.

"हे वाच बघू."

रेडिओ गप्प.

"हा झाला नाही ना, बाई."

"झाला नाही म्हणजे?"

"तुम्ही म्हणून दाखवला नाही अजून."

वाचनात बाईंचा वर्ग शाळेत पहिला. बाई पुढे म्हणायच्या, वर्ग मागून म्हणायचा, आणि असा एका सुरात की व्हरांड्यातून जाणारा माणूस घटकाभर थांबायचा. एवढ्या तोंडांत वाचतंय कोण आणि नुसतं म्हणतंय कोण, हा प्रश्न इतक्या वर्षांत बाईंना पडला नव्हता. आता पडला, तर वाईट तरी वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. जीभ भाजली की चव जाते, तसं काहीतरी त्यांचं झालं होतं, आणि ते कधीपासून हेही सांगता आलं नसतं.

त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

"सर, रेडिओला वाचता येत नाही."

उद्या साहेब तपासणीला येणार म्हणून सर खुर्च्या पुसून घेत होते.

"तिला एकटीला?"

बाईंनी दारातून वर्गाकडे पाहिलं.

"हे बघा बाई, साहेबांचा वाचनाचा उतारा दरवर्षी तोच असतो. मोठी भावंडं धाकट्यांना घरीच पाठ करून पाठवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्याचा दिवस जाऊ द्या."

"पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार. तिथं तिला अक्षरं कोण शिकवणार?"

"तिथले शिकवतील."

"तिथले म्हणतील, हे मागच्यांनीच करायला हवं होतं."

"आपणही तेच म्हणतो की," सर म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. माणूस वाईट नव्हता. शाळेवर 'कच्ची' असा शेरा आला की वर्षभर खुलासे लिहीत बसावं लागतं, आणि त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात टेबल मांडलं. साहेब सकाळपासून दोन शाळा करून आले होते. एकेक मूल पुढे यायचं, कागद हातात घ्यायचं, वाचायचं आणि जायचं. रेडिओची पाळी आली तेव्हा साहेबांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून ऐकलं. बाई दारात उभ्या होत्या. 'साहेब, हिला दुसरं काहीतरी द्या', एवढंच म्हणायचं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलंही. बाईंनी ते गिळलं, आणि ते औषधाच्या गोळीसारखं बिनबोभाट खाली गेलं.

"वा," साहेब म्हणाले. "बाई, तुमची पद्धत बाकीच्या शिक्षकांना दाखवायला हवी. पुढच्या प्रशिक्षणात तुम्हीच एक तास घ्या."

"घेईन," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. याचं त्यांना जरासं नवल वाटलं, तेवढंच.

शाळा सुटली. सर साहेबांना फाटकापर्यंत सोडायला गेले. बाई खिडक्या लावून वळल्या, तर रेडिओ दप्तर पाठीला अडकवून अजून बाकाशीच उभी.

"बाई, झाली परीक्षा?"

"झाली."

"चांगली झाली?"

"साहेब खूश झाले."

"मग आता शिकवाल?"

"काय?"

"वाचायला."

तक्रारीचा सूर नव्हता. पाहुणे जेवून गेल्यावर घरातल्या पोरानं आता मला वाढ म्हणावं, तशी ती म्हणाली. एवढे दिवस तिनं वाट पाहिली होती, आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं.

 बाई मुलांच्या बुटक्या बाकावर तिच्या शेजारी बसल्या. गुडघे बाकाखाली मावेनात. त्यांनी पुस्तक उघडलं आणि समोर आलेल्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मुलीनं बोटाकडे पाहिलंच नाही. ती बाईंच्या ओठांकडे बघत होती, आवाज निघाला की लगेच उचलायला तयार. बाईंचे ओठही आपसूक उघडले होते.

त्यांनी डाव्या हातानं आपलं तोंड झाकून घेतलं. उजव्या हाताचं बोट जागेवरून हलवलं नाही.

मुलगी बराच वेळ तोंडावरच्या हाताकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूहळू खाली, अक्षराकडे आली.