बियाण्यांच्या खोलीतला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. घोरावाडीजवळच्या एका कारखान्याने मला भंगारात काढलं, तेव्हा तिथेच नोकरीला असलेल्या प्रदीपने मला मागून घेतलं. बारदानात गुंडाळून, मोटारसायकलवर बांधून त्याने मला औंढ्याला आणलं आणि त्याच्या मावशीच्या, म्हणजे आक्काबाईंच्या, बियाण्यांच्या खोलीत ठेवलं. एका बाजूला भाताची मडकी, दुसऱ्या बाजूला कडुनिंबाचा पाला आणि मधे मी. कारखान्यात मला गार हवेची सवय होती. इथे पहिल्याच आठवड्यात माझ्या पंख्यात कोंडा गेला. पण तिथे मला नुसता नंबर होता आणि इथे आक्काबाई रोज सकाळी विचारत, "काय रं, बरा हाईस ना?" मग कोंड्याचं काय एवढं!

आक्काबाई भाताची जुनी वाणं सांभाळतात. रायभोग, काळभात, अशी लवकर पिकणारी हळवी आणि उशिरा पिकणारी गरवी कितीतरी भातं त्यांनी मावळात घरोघर हिंडून जमवली. त्यांचा एक नियम आहे. कुठलंही बी एकाच घरात ठेवायचं नाही, अर्धं दुसऱ्या गावातल्या घरी द्यायचं. कोणतं बी कधी कोणाकडे गेलं, कोणत्या खाचरात लावलं, किती पिकलं, ही सगळी नोंद माझ्याकडे. अशा नीट लावलेल्या नोंदींच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. कोणी बी मागायला आलं की आक्काबाई ऐटीत सांगत, आमच्या मशीनला इचारा. बारा वर्षं मी हे काम केलं आणि थोडा फुगलोही.

माझी उस्तवार प्रदीप करायचा. वायर उंदराने कुरतडली तर तोच जोडायचा, बॅटरी बसली तर तोच बदलायचा. दर शनिवारी माझ्यातल्या नोंदींची नक्कल एका छोट्या डिस्कवर आपोआप उतरत असे. त्या तारखेची फाइल आली आहे एवढं बघून प्रदीप चहाला जाई.

यंदा त्याची नाशिकला बदली ठरली. आक्काबाईंकडून बी नेणाऱ्या कुरवंड्याच्या अंबूबाईंची सून प्रतीक्षा घरून संगणकाचंच काम करते. तिने सुचवलं की सगळ्या नोंदी क्लाउडवर न्याव्यात. मित्रांनो, हा क्लाउड काही आकाशात नसतो. दूरच्या एखाद्या मोठ्या इमारतीत माझीच तरुण भावंडं ओळीने बसलेली असतात. त्यांची वीज, दुरुस्ती, नकला, सगळं तिथली कंपनी बघते आणि दरमहा भाडं घेते. प्रदीपला ते पटेना. भाडं थकलं तर काय, नेट गेलं तर काय, आणि परक्याच्या दारात आपल्या नोंदी कशाला ठेवायच्या, असं त्याचं म्हणणं. त्यावर प्रतीक्षाने शांतपणे विचारलं, की नाशिकहून तो माझ्या पंख्यातला कोंडा काढणार कसा. मी अर्थात प्रदीपच्या बाजूने होतो. घरकोंबडा म्हणा हवं तर.

हा वाद चालू असतानाच आक्काबाईंच्या काळभाताला कीड लागली. मडकं उघडलं तर नुसतं पीठ. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्यातलं अर्धं बी कोणाला तरी दिलं होतं, पण कोणाला ते त्यांना आठवेना. पेरणी तोंडावर आलेली. त्या माझ्याकडे आल्या आणि नेमका मी सुरूच होईना. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

प्रदीप म्हणाला, काळजी करू नका, शनिवारची नक्कल आहे. आक्काबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"त्या नकलेची उगवण बघितलीस का कदी?"

प्रदीपला कळेना. त्या म्हणाल्या, "आरं, पेरायच्या आधी मी शंभर दाणं वल्या फडक्यात बांधती. मोड किती आलं ते मोजती. बी नुसतं दिसून काय उपेग?"

बारा वर्षांत प्रदीपने एकही नक्कल उघडून बघितली नव्हती. प्रतीक्षाने ती आपल्या लॅपटॉपवर उघडली. जुन्या नोंदी होत्या, पण शेवटच्या तीन वर्षांचं काहीच नव्हतं. छोटी डिस्क कधीच भरली होती आणि दर शनिवारी फाइल अर्धवट तुटत होती. आता काळभाताचा पत्ता फक्त माझ्या पोटात होता.

दुपारभर प्रदीप माझ्याशी झटला. कोंडा काढला, आतली मेमरीची पट्टी काढून तिची टोकं खोडरबरने घासली, पुन्हा बसवली. तिसऱ्या खेपेला मी सुरू झालो. माझी डिस्क करकरत होती. प्रतीक्षाने आधी शेवटची तीन वर्षं उतरवून घेतली, मग काळभात शोधला. नाव आलं कुरवंड्याच्या हनुमंतचं. त्याला फोन लावला.

"हाय की मावशी," तो म्हणाला. "पाटीभर राखलंय."

आक्काबाई मडक्याला टेकून खाली बसल्या आणि रडू लागल्या. मलाही फार बरं वाटलं.

आता नोंदी क्लाउडवर आहेत. मी हरलो आणि ते योग्यच झालं, कारण सांभाळणारा माणूस जवळ नसेल तर घरची वस्तूही पोरकी होते. पण आक्काबाईंनी अट घातली आहे. एक नक्कल प्रतीक्षाच्या घरी राहील, आणि ज्या दिवशी दाणे फडक्यात बांधायचे त्याच दिवशी ती नक्कल कोऱ्या संगणकावर उघडून बघायची. कंपनी नकला काढते, पण त्या उगवतात का हे आपणच बघायला हवं.

मला बंद करण्याआधी प्रतीक्षाने माझी आतली नोंदवही उघडली. माझ्यात काय बिघडतंय ते मी तिथे लिहीत असतो. दर शनिवारची एकच ओळ होती, 'जागा संपली, नक्कल अपुरी.' अशा दीडशेवर ओळी. प्रदीपने त्या सगळ्या वाचल्या. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "तू सांगत होतास रे."

मित्रांनो, तुमच्या घरात जे मुकाट राबतं, तेही कुठेतरी असंच लिहीत असेल. ते एकदा वाचा.