न मागवलेला गठ्ठा

चिमाजीच्या विळ्यावर रक्त होतं, एवढंच सरकारी तपासणीत सिद्ध झालं होतं. ते माणसाचं की बोकडाचं, हे ठरवता आलं नव्हतं. मी पिंपरीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, म्हणून शेजारच्या अंबूबाईने त्या अहवालाची नक्कल मला वाचायला दिली. तिच्या नवऱ्याला, चिमाजीला, पुण्याच्या कोर्टाने खुनासाठी जन्मठेप दिली होती.

मी तिला चिंचवडच्या यशवंतराव वकिलांकडे नेलं. त्यांनी रक्ताच्या त्या ओळीवर पेन्सिलीने खूण केली.

"हायकोर्टात दोन न्यायमूर्ती निकाल आणि अर्ज वाचतात," ते म्हणाले. "शंका आली तरच खालच्या कोर्टातले कागद मागवतात. नाही तर अपील तिथंच संपतं. ही ओळ त्यांच्या डोळ्यांत भरली पाहिजे. वकीलपत्रावर चिमाजीचा अंगठा आणा."

"अर्ज तर गेला बी, वकीलसाहेब," अंबूबाई हसून म्हणाली. "येरवड्याला एक शिकलेला कैदी हाय. त्यानं फुकट लिहिला. तुमच्यापरीस बरा, चहाबी मागितला न्हाई."

वकील हसले नाहीत. "त्यात काय लिहिलंय?"

"लिहायचं काय? लेकरं ल्हान हायती, आई आंधळी हाय, मायबाप सरकारनं दया करावी."

"विळ्याचं?"

"विळ्याचं कशाला? रक्ताचं नाव काढून कुणी दया करतं व्हय?"

मुलांची वयं एका चिठ्ठीवर मीच लिहून दिली होती, महिन्यांसकट. शाळेसाठी हवी असतील, असं मला वाटलं होतं.

"तुरुंगातून आलेला अर्ज कुणाचं न ऐकता फेटाळता येतो," वकील हळू आवाजात म्हणाले. "आणि एकदा फेटाळला, की माझं अपील कोर्ट ऐकायचं नाही. कधी गेला?"

"पंधरा दीस झालं."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कोट उचलला. दुपारच्या गाडीने ते मुंबईला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबूबाई माझ्या दारात आली. तुरुंगातून आलेला कागद तिने पदराखाली धरला होता. इंग्रजीत एकच ओळ होती. तिच्याखाली तारीख होती, वकील निघाले त्याच्या आठ दिवस आधीची.

"काय म्हणत्यात, ताई?"

"फेटाळलं."

"लेकरांचं वाचलं का त्यांनी?"

"वाचलं असेल."

"आन् विळ्याचं?"

मूळ अहवाल पुण्याच्या कोर्टात, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात होता. तो कुणी मागवलाच नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

ती उंबऱ्यावर बसली. "मग पुन्हा लिवू," ती म्हणाली. "ताई, तुमीच लिवा. धाकटीचं वय आता एका महिन्यानं वाढवा."